पेजेतलं चमचाभर तेल

सायवनच्या जानीचा कुणावरच विश्वास नव्हता. मोहाच्या फळातल्या बिया, मोहट्या, ती घाण्यावर नेई आणि तेल डब्यात पडेपर्यंत समोर उकिडवी बसे. नजर हलली की दुसरं तेल मिसळतात, असं तिचं म्हणणं. पाकिटातलं तेल तिने घरात येऊच दिलं नव्हतं. ज्याचं झाड माहीत नाही, त्याचं तेल खायचं कसं?

सून सुषमा अच्छाडची. तिचा बाप हायवेवरच्या ढाब्यात राबायचा. पाकिटातल्या तेलावरच ती वाढली होती.

२०१६च्या थंडीत सुषमाच्या मुलीचं, कल्पिताचं, वजन वाढेना. अंगणवाडीच्या पुष्पाताई म्हणाल्या, "पेजेत चमचाभर तेल घाला. कुठलंही चालेल, ताकद सारखीच. पाकिटात वरून व्हिटॅमिन घातलेलं असतं, एवढंच."

"वरून घातलेलं," जानी म्हणाली. "तेच तर."

त्याच आठवड्यात सासरा हाल्याने तेल काढून उरलेली मोहटीची पेंड कुटून ओहोळात टाकली. मासे पोट वर करून तरंगले, त्याने टोपलीत भरले. सुषमा काठावर उभी राहून बघत होती. संध्याकाळी जानीने तेलाची वाटी पुढे केली, तशी तिने मुलीला मागे ओढलं.

"याच्यानेच मासे मेले."

"पेंडीने मेले. जहर पेंडीत राहतं. तेल मी कढवते, कडूपणा जाईपर्यंत."

"सगळं जातं कशावरून?"

"मी म्हातारी झाले ती काय खाऊन?"

"मग आधी तुम्ही खा, आई. माझ्यासमोर."

बाजेवरून हाल्या म्हणाला, "मलापण वाढ. मेलोच तर दोघांचं रडणं एकदाच उरकेल."

जानीने खाल्लं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. सुषमा घास मोजावेत तशी बघत राही. पोरीला मात्र कोरडी पेजच. तिचं मनगट जानीच्या दोन बोटांत मावत होतं. पण पुढे एका सकाळी सुषमाने गारठ्याने थिजलेल्या मोहाच्या तेलाची बाटली चुलीजवळ धरली, तेल पातळ केलं आणि चमचा भरून घेतला. जानीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

मग एकदा तांदूळ काढताना कणगीमागे जानीच्या हाताला तेलाचं पाकीट लागलं. कोपरा कापलेलं, निम्मं रिकामं. बाटलीतलं तेलही उतरत होतंच. त्यातलं कुठलं कुणाच्या पोटात जात होतं, तिला कळेना. तिने पाकीट होतं तिथेच ठेवलं.

पुढच्या वजनाला काटा वर सरकला.

"कुठलं तेल घालता?" पुष्पाताईंनी विचारलं.

"घरचं," सुषमा म्हणाली.

जानीने तिच्याकडे पाहिलं. मग पोरीच्या मांडीवर नुकतीच पडलेली वळी पाहिली.

"घरचंच," ती म्हणाली.