तांबड्या वाटेवरची सायकलवाली

त्या दिवशी तिथं आम्ही पाच जण होतो. माझा मुलगा प्रशांत, सून मनीषा, नात तन्वी, मी, आणि सिंगापुरातली आमची शेजारीण, सायकलवाली. तिथं म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पार मधोमध, तांबड्या वाळवंटात. मला लिहिता येतं ते सहीपुरतं. मी बोलतेय आणि तन्वीचा फोन लिहून घेतोय. चुकलं तर फोनचं चुकलं.

सायकलवालीच्या आधी नडग्या दिसायच्या, मग तोंड. बाभळीच्या बनात राहत असल्यासारख्या ओरखड्यांनी भरलेल्या. बाई शिकलेली, सिंगापुरातल्या वन-नॉर्थ भागात कसल्याशा प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर. पण शनिवार आला की जाड चाकांची सायकल घेऊन जंगलात, दगडधोंड्यात. मी म्हटलं, "अगं, पायांची काय दशा केलीस?" तर म्हणाली, "मावशी, जो दगड भेटतो तो सही करून जातो." नाव तिचं सुजाता, पण आमच्या घरात कुणी ते घेतलं नाही.

लिफ्टमध्ये ती सायकल मागच्या चाकावर उभी करायची, घोडं उभं करावं तशी. एकदा चिखल पडला. वरच्या मजल्यावरची चिनी आंटी ओरडली. भाषा कळली नाही, पण शिवी कुठल्याही भाषेत कळते. सायकलवालीनं पायातला मोजा काढला आणि त्यानंच लिफ्ट पुसली. मग आंटीकडं बघून असं हसली की दुसऱ्या दिवशी आंटीनं तिला संत्री दिली.

मी गावाकडून आले ती मालक गेल्यावर. सिंगापुरात तोआ पायोहला मुलाचा फ्लॅट, तो चांगला आहे, मुलगा-सून चांगली आहेत. पण सगळी सकाळी जायची, आणि मी खिडकीतून समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे बघत बसायची. कुणाच्या घरात पाहुणा आला ते मला कपड्यांवरून कळायचं. एवढंच काय ते माझं सिंगापूर.

एका रविवारी तिनं दार वाजवलं. "मावशी, फिरायला येता?"

"काय आणायचंय?"

"काही नाही."

"मग जायचं कशाला?"

"परत यायला," म्हणाली.

मला हे नवीनच. आमच्याकडं चालायचं म्हणजे काम. दुष्काळी कामावर खडी फोडायला चालत गेले. पाण्याला डोंगर उतरून जायचं आणि डोक्यावर हंडा घेऊन चढून यायचं. हौसेनं कुणी चालतं का? पण गेले. तळ्याकाठचं जंगल, सावली, माकडं. मग दर रविवारी जायला लागले. ती सायकल हातात धरून माझ्या चालीनं चालायची. मी तिला भाकरी बांधून न्यायची, माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. एकटं माणूस, खोली भाड्याची, चूल पेटत नव्हती तिची.

तिचं एकच टुमणं होतं. "तहान लागायच्या आधी प्या, मावशी. लागली म्हणजे उशीर झाला." मी हो हो म्हणायची. आणि बाटली भरलेली तशीच घरी आणून कुंडीत ओतायची. सावलीत निभावून जायचं.

एक दिवस घरी येऊन म्हणाली, "जूनच्या सुट्टीत वाळवंटात सायकल चालवायला जातेय. किती वर्षांचं मनात आहे. सगळे चला की."

मी म्हटलं, "नदी कुठली?"

सगळी हसायला लागली. आमच्या गावात वाळवंट म्हणजे नदीची वाळू. उन्हाळ्यात तिथंच आम्ही झिरे खणायचो आणि वाटीवाटीनं पाणी भरायचो. तन्वी इथल्या पोरांसारखं 'लाह' लावून म्हणाली, "आजी, डेझर्ट लाह! नो रिव्हर!"

प्रशांत काही हसला नाही. "आई, या वयात? डॉक्टर काय म्हणाले विसरलीस?" दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी म्हणाला, "चल. पण तिथं काही झालं, तर तुझं फिरणं बंद. खाली बाकापर्यंत जायचं आणि वर यायचं." मी कबूल झाले. मनात म्हटलं, परत त्या कपड्यांकडं बघत बसायचं म्हणजे जिवंतपणी भिंतीत चिणल्यासारखंच.

आणि तिथं गेले तर नदी निघाली! कोरडी ठणठणीत, लांबच लांब वाळू, काठाला पांढऱ्या बुंध्याची झाडं. मी तन्वीला म्हटलं, "हे काय गं?" म्हणाली, "ओके लाह, आजी विन." माती अशी तांबडी की कुंकू सांडावं. दोन्हीकडं कडे उभे. माशा मात्र थेट गावच्या, डोळ्यांत शिरणाऱ्या. मनीषा तोंडाला जाळी बांधून नवरीसारखी चालत होती.

सायकलवरची पोरंपोरी आमच्या बाजूनं भुर्रकन जायची. आमची सायकलवाली पुढं जायची आणि वळणावरून मागं यायची. "मावशी, पुढं उतार आहे, मग खडकावर एक प्राणी बसलाय. उंदीर म्हणावा तर केवढा, कांगारू म्हणावं तर केवढंसं." मी म्हणायची, "जा गं पोरी, कर तुझी हौस." "केली की," म्हणायची आणि परत यायची. ती वाट तिनं दोनदा केली म्हणायला हवं, एकदा स्वतःची आणि एकदा माझी.

ऊन वर आलं. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी दगडावर मटकन बसले. प्रशांतनं माझी पिशवी उघडली. दोन्ही बाटल्या गच्च भरलेल्या, झाकणसुद्धा फिरवलेलं नाही.

"आई! पाणी आहे की तुझ्याकडं!"

"आहे म्हणूनच ठेवलंय."

"कशासाठी?"

याला काय सांगायचं? भरलेला हंडा वाटेत कुणी उघडतं का? वाटेत प्यालं तर घरी काय न्यायचं? घरी धाकटी भावंडं दारात बसलेली असायची.

प्रशांत सायकलवालीवर उखडला. "तुमच्या नादानं झालं हे!" तिनं सायकल खाली टाकली, माझ्याजवळ धुळीत फतकल मारून बसली, बाटलीचं झाकण काढलं. हळूच म्हणाली, "मावशी, घरी आता कुणी तहानलेलं नाही."

मी प्याले. सगळी बाटली प्याले. त्या पाण्याला काय चव होती ते मला सांगता येत नाही.

बराच वेळ झाडाखाली बसवलं. मग तिनं विचारलं, "मागं की पुढं?"

"मागं," प्रशांत म्हणाला.

"मी मावशींना विचारलं, दादा."

मी म्हटलं, "पुढं. आणि प्रशांत, तिला बोलू नकोस. ती दर वेळी सांगत होती, मीच ऐकलं नाही." प्रशांतनं माझी पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि पुढं चालायला लागला.

सायकलवालीनं सायकल झाडाला टेकवली ती टेकवलीच. शेवटपर्यंत माझ्याबरोबर चालली. वाट संपते तिथं दोन कड्यांच्या मधे डोह होता. काळंभोर, गार पाणी. पाय सोडून बसलो. तेव्हा तिनं सांगितलं. तिचं काम बंद झालं होतं, तिथं राहायचा पासही संपणार होता. सिंगापूर सोडायचं होतं.

"आधी का नाही बोललीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळे माझ्याकडंच बघत बसला असता. वाळवंट कोण बघणार?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. असं बोलून काही थांबत नाही, हे मला माहीत आहे.

परत आल्यावर तिनं सायकल सुटी केली, खोक्यात भरली आणि गेली. प्रशांतनं बाकाचं नाव परत काढलं नाही. उलट गेल्या महिन्यात मला बूट आणले, लाल रंगाचे. मी म्हटलं, हे काय वय आहे? तर म्हणाला, घाल गं. आता रविवारी तोही येतो, आणि माझ्या मागं पडतो.

ती जर्मनीत आहे. सुरुवातीला फोन यायचा, मग तिचा नंबर बदलला. कुठलं गाव ते मला धड आठवत नाही, आणि तन्वीला शोधून सापडत नाही. तिथं थंडी फार असते म्हणतात. तुमच्यापैकी कुणी तिकडं राहत असेल आणि सायकलवरून एकटीच फिरणारी मराठी बाई भेटली, तर तिला घरी बोलवा. ज्वारीचं पीठ मिळालं तर भाकरी करा, नाही मिळालं तर जे असेल ते. भूक लागलीय का म्हणून विचारू नका, ती नाही म्हणते. ताट वाढा.