वेशीवरच्या काचा

शिवशंकर इंजिनिअर झाला तेव्हा बायनाबाईनं लेकाचा पदवीदानाचा फोटो सोनेरी चौकटीत बसवून दारासमोरच टांगला. आल्यागेल्याला आधी फोटो, मग पाणी.

पुढं गावातल्याच जुन्या दगडी वेशीचं काम त्याच्याकडं आलं. धावड्याच्या वाटेवरची ती कमान झुकली होती. त्यानं टेकू दिले, पाया भरून घेतला. भेगांवर चुन्यात काचेच्या आडव्या पट्ट्या बसवल्या. पट्टी तडकली, तर भिंत अजून सरकतेय. शाबूत राहिली, तर थांबली. हे त्यानं गवंडी तातेरावला समजावलं. तिथंच रोजानं पाणी मारणाऱ्या मायला सांगायचं त्याला सुचलं नाही.

"साहेबाची माय अन् हातात पाइप!" तातेराव चिडवायचा.

"तुह्याच भिंतीला पाजून राह्यले. गप ऱ्हाय."

पोळ्याला बैलं वेशीतूनच निघाली पाहिजेत, म्हणून गाव मागं लागलं होतं. "काच सांगंल तवा टेकू काढू," शिवशंकर म्हणायचा. रोज खालूनच मान वर करून बघायचा. आषाढ-श्रावणभर पट्ट्या शाबूत दिसल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं होकार दिला.

शेवटचा टेकू तातेरावनं काढला. कमान त्याच्यावरच आली.

त्याला झाकून नेलं. शिवशंकर ढिगारा उपसत राहिला. काचेचा एक तुकडा हाती लागला. त्याच्या कडेला सोनेरी रंग होता.

घरी भिंतीवरच्या फोटोला काच नव्हती.

"माय, हितली काच?"

"तुह्या पट्ट्या तडकू लागल्या व्हत्या रे. लोक हसले असते, साहेबानं लावलेलं टिकत न्हाई म्हणून. तीच काच फ्रेमवाल्याकडून कापून पट्ट्या आणल्या. पाणी माराया वर चढले की तडकलेली काढून दुसरी बसवली." तिनं पदरानं डोळे पुसले. "एकबी फुटकी ठेवली न्हाई म्या. मंग पडली कशी?"

त्यानं सोनेरी कडेचा तो तुकडा खिशात टाकला.

चौकशीत तो एवढंच बोलला, "वर चढून पाहायला पाहिजे होतं. मी पाहिलं नाही." ते खरंच होतं. काम गेलं. पुन्हा कुणी दिलं नाही.

तातेरावची बायको दुर्गाबाई अजूनही अधूनमधून दारात येते. "सायबा, माझा माणूस खाल्लास तू." शिवशंकर मान खाली घालून ऐकतो.

बायनाबाईला ते ऐकवत नाही. ती उंबऱ्यावर येऊन भांडते. "माह्या लेकाचं काम पक्कं व्हतं! काचा बघायच्या व्हत्या तू, एकबी तडकली नव्हती!"

तो तिला दंडाला धरून आत ओढतो आणि कडी लावतो.