चावीवाले काका आणि सतरावा धडा

आमच्या पाणीपुरवठा केंद्रात त्रेसष्ट माणसं. त्यातल्या बासष्टांना मी तीन आठवड्यांत हुशार करून टाकलं. मी इथली हेडक्लार्क. वरून आदेश आला होता की प्रत्येक कर्मचाऱ्याने संकेतस्थळावर चाळीस धडे बघायचे, परीक्षा द्यायची, आणि महिनाअखेर ज्याच्याकडे प्रमाणपत्र नसेल त्याला यंत्रघरातून काढून गेटवर बसवायचं. आदेश काढणारा उंटावरचा शहाणा. आमच्याकडे कॉम्प्युटर चार, त्यातला एक नुसता घड्याळ दाखवतो. मग सरकारी कचेरीत जे होतं तेच झालं. सगळ्यांनी आपापले पासवर्ड चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर आणून ठेवले. मी आवाज बंद करून तीन पडद्यांवर धडे लावायचे आणि इकडे रजेचे अर्ज निपटायचे. परीक्षेची उत्तरं शेजारच्या केंद्रातून आयती मिळाली.

चिठ्ठी दिली नाही ती फक्त चावीवाल्या काकांनी. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायची लोखंडी चावी, छातीएवढी उंच, कायम त्यांच्या खांद्यावर. तिचं एक टोक जमिनीला टेकवून दुसऱ्याला कान लावला की पाइप कुठे फुटलाय ते सांगतात. काकांनी खडूने फुली मारावी आणि खणल्यावर नेमकं तिथेच पाणी लागावं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अशा माणसाला गेटवर बसवायचं म्हणजे माझा जीव तुटत होता.

"काका, पासवर्ड द्या. दोन दिवसांत उरकते."

"आणि आत काय सांगितलंय ते?"

"आत काय असणार? तुम्ही रोज करता तेच."

"मग बघतोच की. बरोबर करतोय का ते तरी कळेल."

ड्यूटीच्या आधी तासभर ते वही घेऊन बसायचे. सतराव्या धड्यावर इंटरनेट दगा द्यायचं आणि धडा पुन्हा पहिल्यापासून. तो त्यांनी अकरा वेळा पाहिला. घरीही मोबाइलवर तेच. काकू मला म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हासुद्धा एवढं निरखून बघितलं नव्हतं हो!" परीक्षेत मात्र नापास. एका प्रश्नाला वीस सेकंद. काका प्रश्न दोनदा वाचायचे, तोवर पुढचा हजर. पाचपैकी चार संधी गेल्या. मी हात टेकले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी साडेदहाला क्लोरिनच्या खोलीतून शिट्टीसारखा आवाज आला. पाणी शुद्ध करायचा हा वायू छातीत गेला तर आतून जाळतो. "खाली बसा!" असं कुणीतरी ओरडलं. कुणीतरी कसलं, मीच. आग लागली की धुराखाली वाकायचं हे सगळ्यांना पाठ, आणि वायूलाही तोच नियम असं आम्ही धरून चाललो होतो. ओले रुमाल नाकाला लावून आम्ही नऊ जण जमिनीवर बसलो, नऊच्या नऊ प्रमाणपत्रवाले. दाराखालून पिवळट हिरवा थर सरपटत आत यायला लागला.

तेवढ्यात काका धावत आले. "उठा! गच्चीवर चला! हा हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो!" मला दंडाला धरून उभं केलं. एकेकाला मोजत जिन्यात ढकललं आणि स्वतः शेवटी वर आले. वारा कुठून येतोय ते बघून आम्हाला त्या बाजूच्या कठड्याशी नेलं. अग्निशमन दलाने गळती बंद करेपर्यंत आम्ही खोकत उभे होतो, पण सगळे धड होतो.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"सतराव्या धड्यात आहे की, बाई. तो बघितला नसता तर एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर मीही खालीच बसलो असतो."

शिकलेली माणसं खूप पाहिलीत मी. पण सत्तावन्नाव्या वर्षी आपला एकतीस वर्षांचा समज चुकीचा आहे हे कळल्यावर आनंद होणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. त्यांच्यापुढे मला फार लहान वाटलं.

दुपारी काकांनी पाचवी संधी घेतली. वायूच्या प्रश्नाला चार सेकंदांत उत्तर दिलं. मग पडदा गोठला, आणि परत आला तो 'अनुत्तीर्ण' घेऊनच. काकांनी वही मिटली. "गेटवर खुर्ची आहे ना, की घरून आणू?" असं त्यांनी हसून विचारलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्यासमोर यादी होती, पूर्ण बासष्ट, अपूर्ण एक. मी ती उलटी केली. 'पूर्ण'मध्ये एकटे काका. 'अपूर्ण'मध्ये आम्ही बासष्ट, पहिलं नाव माझं, आणि खाली सगळी खरी हकिगत. खाली सही केली. पाठवून पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच मुख्य कचेरीतल्या साहेबांचा फोन.

"बाई, शुद्धीवर आहात ना? सगळेच अपूर्ण, मग उद्यापासून यंत्रघर कोण बघणार?"

"काका बघतील, साहेब. आम्ही उद्या पहिल्या धड्यापासून बसतोय."

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "काकांना गेटवर बसवू नका. आणि त्या अपूर्णांच्या यादीत माझंही नाव घाला."