राइस मिलच्या फाटकावरची झडती

ती घटना आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि गंमत अशी की तिच्यावर गुन्ह्याचा नंबर कधी पडलाच नाही.

तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. मी केशोरीकडच्या धानकऱ्याचा मुलगा, घराण्यातला पहिला बी.ए., नवा सब-इन्स्पेक्टर. एका सकाळी कुडव्याच्या दोन शेतकऱ्यांनी एका माणसाला स्टेशनात आणलं. बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर, आंब्याखाली, तो बैलाचा दोर मांडीवर घेऊन बसला होता. हाक मारली तरी बोलेना, म्हणून त्यांना संशय आला. माणूस चाळिशीचा, एका राइस मिलमध्ये काट्यावर पोती तोलणारा.

आत्महत्येचा प्रयत्न हा त्या काळी गुन्हा. हवालदार कागद पुढे ओढून बसले. गुन्हा दाखल झाला तर याची नोकरी जाणार, नाव जाणार. आणि सुटल्यावर तो पुन्हा त्याच आंब्याखाली जाणार नाही, याची हमी कोण देणार?

घरी भांडण आहे का, दारू आहे का, सगळं विचारून झालं. तो जमिनीकडे बघत होता. तेवढ्यात त्याची बायको धावत आली. म्हणाली, "घरी काई नाई, साहेब. मिलचा भोंगा वाजला का हा ताटावरून उठून जाते. काऊन जेवत नाई म्हनलं तर म्हनते, तुले नाई समजनार."

स्टेशनात आणलेल्या माणसाची आधी झडती घ्यायची, हा रोजचा रिवाज. हवालदारांनी सवयीने त्याला उभं केलं. त्यांचा हात लागायच्या आधीच त्याने गमछा काढून झाडला, फेटा सोडला, धोतराचा सोगा उपसला आणि भिंतीकडे बघत तोंड उघडून उभा राहिला. जीभसुद्धा वर उचलली.

हवालदार मागे सरले. मी विचारलं, तोंड उघडायला कोणी सांगितलं?

"रोजच उघडून राहिलो, साहेब," तो म्हणाला. "तोंडात तांदूळ राहते म्हनते ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मिलमध्ये एका बाईचा हात इंजिनच्या पट्ट्यात सापडला होता. मुनीम म्हणत होता, बाईची चूक. कारखान्यांचा सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला आला तेव्हा याने खरं सांगितलं, की पट्ट्यावर जाळी नव्हती. याला लगेच काढलं तर बोभाटा झाला असता. म्हणून याने आपणहूनच काम सोडून जावं, अशी तजवीज सुरू झाली. सुट्टी झाली की सगळ्यांना फाटकावर वरवर चाचपून सोडत. याला मात्र बायकांच्या रांगेसमोर फेटा सोडावा लागे, तोंड उघडावं लागे. मुनीम पायरीवरून विचारी, "आज गिळला काय रे?" आणि रांग हसे. हसणारे वाईट नव्हते. आपला नंबर लागू नये एवढीच त्यांना काळजी.

मी मिलच्या फाटकावरच्या दरबानाला गाठलं. म्हातारा छत्तीसगडचा. आधी हुकुमाचा माणूस म्हणून हात जोडत राहिला. याच्याजवळ कधी काही मिळालं का, एवढंच मी विचारलं.

"एक दाना नहीं, साहब," तो म्हणाला. "मिल जाता तो उसी दिन निकाल देते. बेचारा छूट जाता."

मुनीम गडबडला नाही. झडती मिलचा नियम आहे, यात पोलिसांचं काय काम, असं त्याने मलाच ऐकवलं. कायद्याने त्याचं बरोबर होतं. माझ्या पुस्तकात यासाठी कलम नव्हतं.

संध्याकाळी मी त्या काटेवाल्याला सोबत घेऊन मिलवर गेलो, आणि भोंगा झाला तेव्हा वर्दीत, त्याच्या मागे, रांगेत उभा राहिलो. दरबानाला म्हटलं, "नियम आहे ना? याची घेशील तशीच माझी घे. टोपीपासून जिभेपर्यंत. मग मुनीमजींची."

दरबान मुनीमाकडे बघू लागला. रांगेत कोणी हसलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "पहिले मुनीमजीलेच पाहा गा." तेव्हा मिलचे मालक शेठ गादीवरून उठून बाहेर आले. पट्ट्यावर अजून जाळी बसलेली नाही, हे कारखान्यांच्या इन्स्पेक्टरला कळवणं मला भाग आहे, हेही मी त्यांना तिथेच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी बांबूच्या तट्ट्याचा आडोसा आला, सगळ्यांची झडती सारखी, आणि तोंड कोणीच उघडायचं नाही. मुनीमाला धान खरेदीवर धाडलं.

आंब्याखाली नुसतं बसणं हा प्रयत्न नव्हे, असा शेरा मारून मी कागद बंद केला. दोर त्याच्या बायकोच्या हातात दिला. म्हटलं, "याने बैल बांध."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्टेशनात झडती आडोशाला होई, आणि त्याआधी माणसाला पाणी मिळे. कॉलेजने नाही, त्या उघड्या तोंडाने मला हे शिकवलं. मारलेल्या माणसाचा वळ पंचनाम्यात लिहिता येतो. रोज थोडं थोडं खाली पाडलेल्या माणसाचा कुठे लिहायचा?

बऱ्याच वर्षांनी तो मला गोंदियाच्या बाजारात भेटला. अजून त्याच काट्यावर होता. हसत "रामराम, साहेब" म्हणाला, आणि मी जवळ जाताच त्याने खांद्यावरचा गमछा काढून झाडला. मग त्याचं त्यालाच कळलं.

"सवय नाई गेली जी," तो म्हणाला.

मी गमछा त्याच्या हातातून घेतला आणि पुन्हा त्याच्या खांद्यावर ठेवला.