दादाचे पाय

दादा मांडव्याच्या लाँचवर कामाला होता. दोर टाकायचा, फळी लावायची, म्हाताऱ्यांना हात धरून उतरवायचं. दिवसभर उभा. टाळेबंदीत लाँच बंद झाली आणि तो घरी बसला. घरात आई, तो आणि मी.

पहिले दोन आठवडे त्याने वाडीतल्या एकेका सुपारीला आळं केलं. मग कामच उरलं नाही. किनाऱ्याची वाटही गावाने बांबू आडवे टाकून बंद केली. तो पडवीतल्या खाटेवर मोबाईल घेऊन बसायला लागला. मी आतल्या खोलीत मोबाईलवरच शाळेचे वर्ग घेत होते. मीही बसूनच होते, म्हणून त्याचं बसणं माझ्या लक्षात आलं नाही.

मे महिन्यात त्याची अंघोळ चुकायला लागली. काही विचारलं की उत्तर उशिरा यायचं. पावलं सुजली होती.

आई म्हणाली, "बसून बसून माणूस असा होतो का गं?"

"सगळ्यांचंच असं झालंय," मी म्हटलं. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

एका दुपारी वर्ग चालू असताना सहज बाहेर पाहिलं. खाट रिकामी, मोबाईल खाटेवर, चपला जागेवर. मी परसात धावले. दादा विहिरीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून आत वाकला होता. हाक मारायची भीती वाटली. जवळ जाऊन मागून त्याचा सदरा मुठीत धरला.

"काय बघतोयस?"

"पाणी खाली गेलंय." मग पाण्यावरची नजर न काढता म्हणाला, "बाय, सकाळी उठावंसंच वाटत नाही. आज उठलो, तर पाय इकडेच आले."

मी त्याला घरात आणलं आणि तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. म्हणाले, एकटं सोडू नका, बोलतं ठेवा, रोज चालवा. विहिरीवर पत्रे टाकले. संध्याकाळी त्याचं मनगट धरून मी वाडीत फेऱ्या मारायचे. आई पायरीवरून मोठ्याने फेऱ्या मोजायची. पहिल्या दिवशी चौथ्या फेरीलाच त्याला धाप लागली.

पुढे लाँच सुरू झाली, तो कामावर गेला, वर्षभराने डॉक्टरांनी गोळ्याही थांबवल्या. आता प्रवाशांवर ओरडतो, हसतो.

तरी त्याच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी आईचा मला शाळेत फोन येतो. "दहा वाजले गं. अजून तो उठला नाही."

मी वर्ग दुसऱ्या बाईंकडे सोपवते आणि निघते.