लोणी काळभोरच्या पुढे, बाल्कनीतून दिसणारा दवाखाना

हे लिहावं लागतंय, कारण दवाखान्याची पाटी समोर दिसत असताना माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, श्वास मिळत नव्हता. तिकडे फ्लॅट बघायला जाणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

लोणी काळभोरच्या पुढे, कालपर्यंत ऊस होता तिथे उभ्या राहिलेल्या सोसायटीत तिने घर घेतलं. ते बघायला सकाळी कोथरूडहून निघाले. हडपसरला बस बदलावी लागते. पुढे महामार्गावर बस रांगते, पाणी जवळ ठेवा. फाट्यावर रिक्षावाले मीटर टाकत नाहीत. रिकामं परत यावं लागतं म्हणून त्याचेही पैसे घेतात. माझ्या रिक्षात गावातले एक आजोबा बसले होते. म्हणाले, "आधी बांधाबांधानं कुठंबी जाता यायचं. आता जिकडं बघावं तिकडं भिंत हाय."

खोटं नव्हतं. कोथरूडला गल्ली चुकली तरी पुढच्या गल्लीतून बाहेर पडता येतं. इथे प्रत्येक बिल्डरने आपल्या तुकड्यापुरता रस्ता केलाय. तो गेटपाशी संपतो, की आल्या वाटेने मागे.

दुपारी जेवणं उरकली आणि सुमनला दम्याचा झटका आला. पंपाने उतरेना. दवाखाना भिंतीपलीकडे, शेजारच्या सोसायटीच्या आवारात. भिंतीत छोटं गेट, गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी लेकीकडे, कोथरूडला. पलीकडचे लोक इथल्या बागेत कुत्री फिरवतात, म्हणून मीटिंगमध्ये गेट बंद ठेवायचा ठराव झालाय.

शेजारच्या शबानाताईंनी गाडी काढली. मेन गेट, महामार्ग, लांबचा यू-टर्न, मग पलीकडच्या गेटवर रजिस्टरात नाव लिहा. सुमनची नखं निळी पडत चालली होती. मी तिचा हात धरून बसले. दुसरं काही करता येत नव्हतं. ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठून आणलंत? मी खिडकीतून बाल्कनी दाखवली. सुमनची वाळत घातलेली साडीसुद्धा ओळखू येत होती.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. "अहो, कुलूप सगळ्यांच्या सुरक्षेसाठीच आहे."

"कोणापासून? डॉक्टरांपासून?"

किल्ली मिळाली. शबानाताई आणि मी तशाच गेटशी गेलो. कुलूप निघालं, गेट हललं नाही. पलीकडच्यांनीही त्यांच्या बाजूने कुलूप घातलेलं होतं.

सुमनला बरं वाटल्यावर मी कोथरूडला परतले. आता फोन वाजला की आधी तिचं नाव आहे का बघते. ती म्हणते, घर हवेशीर आहे. आहेच.

नोंद असू द्या: सोसायटीच्या बाजूच्या कुलपाची किल्ली, एक, सेक्रेटरींकडून घेऊन शबानाताईंच्या हाती दिली. पलीकडच्या कुलपाची मागितली आहे. त्यांची मीटिंग झाली की कळवणार आहेत.