बापाच्या घंटा

मावरिकोस मेंढपाळ. ग्रीसमधल्या आमच्या स्किरोस बेटावरच जन्मला, मी शिकवायचे त्याच शाळेत दोनदा नापास झाला. बाहेरचे लोक येतात ते फक्त त्याच्या सोंगाचे फोटो काढायला. ईस्टरच्या मोठ्या उपासाआधीच्या सणात आमचे पुरुष ‘म्हातारा’ होऊन गल्ल्यांतून नाचत वर चढतात. अंगात उलटी घातलेली केसाळ घोंगडी, तोंडावर करडाचं सबंध कातडं, कमरेला शेळ्यामेंढ्यांच्या घंटा. अर्धा बोकड, अर्धा माणूस. जुन्या ग्रीक मद्यदेवाच्या मिरवणुकीतले बोकडपाये ते हेच का, असं मला हजारदा विचारून झालंय. असतील. तेव्हा मी नव्हते.

बंदरावरच्या एका हॉटेलवाल्याने पाटीवर तसला एक रंगवून घेतलाय. शिंगं, खूर, हातात बासरी, पुढे पळणारी उघडी बाई. मावरिकोस पाटीखाली उभा राहून म्हणाला, “बाई, हे जनावर कुणाचं? गळ्यात घंटा नाही. हरवणार बघा.”

घंटांपाशीच त्याचं दुखणं होतं. त्याच्या बापाचा संच गावात नावाजलेला. खर्जातल्या मोठ्या घंटा, बारीक आवाजाच्या लहान, सगळ्या एकमेकींशी जुळवलेल्या. बाप गेला, कळप वाटला गेला आणि ह्या दोघा गाढव भावांनी संचही वाटला. मोठ्या घंटा थोरल्या फ्रांगुलिसने घेतल्या, लहान ह्याने. पाठोपाठ कुरणाच्या बांधावरून भांडण झालं, बोलणं तुटलं. सणात फ्रांगुलिस निघाला की गाव म्हणे, ‘म्हैस सुटली.’ मावरिकोस निघाला की, ‘फडताळात मांजर शिरलं.’ त्यांची आई अमेर्सुदा तर दारच लावून घ्यायची. “निम्मा बाप माझ्या दारात आणू नका,” म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात अमेर्सुदाचे कान जायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, थांबणार नाही. मावरिकोस माझ्याकडे आला.

“बाई, दादाला सांगा, एका दिवसापुरत्या मोठ्या घंटा दे. आईला ऐकू येतंय तोवर बापाचा आवाज ऐकवायचाय.”

“तूच सांग की. समोरच तर राहतो माझ्या.”

“त्याच्याशी जन्मात बोलणार नाही अशी शपथ घेतलीय मी.”

“मग बस शपथ कुरवाळत,” मी म्हटलं. पण गेले.

फ्रांगुलिस चीज पिळत होता. मान वर न करता म्हणाला, “घंटा माझा उंबरा ओलांडतील त्या माझ्याच कमरेला. आणि त्याचा गुडघा? सबंध संच बांधला तर पहिल्याच पायरीवर बसकण मारील.”

हे खरं होतं. मी निरोप जसाच्या तसा पोचवला. मावरिकोस शेळ्यांकडे निघून गेला.

आता आमची एक रीत. म्हाताऱ्याबरोबर एक ‘पोरगी’ नाचते, म्हणजे बायकी कपड्यांतला एखादा तरणा पुरुष. तोंड झाकलं की दोघांनीही बोलायचं नाही. आणि घंटा स्वतःच्या स्वतःला बांधता येत नाहीत. दुसऱ्याला पाय रोवून दोर आवळावा लागतो.

सणाच्या रविवारी समोरच्या दाराशी एक पोरगी उभी दिसली. पन्नाशीची, लंगडणारी, आईच्या लग्नातला जरीचा घागरा घातलेली, तोंडाला रुमाल. खांद्यावरचं पोतं खणखणत होतं. फ्रांगुलिसने दार उघडलं, पोत्याकडे पाहिलं, घागऱ्याकडे पाहिलं.

“मिशी दिसतेय,” तो म्हणाला.

पोरगीने रुमाल खाली ओढून मिशी झाकली आणि हाताने खूण केली: घंटा आण. फ्रांगुलिस आत गेला, घोंगडी नि कातडं चढवून मोठ्या घंटा घेऊन आला. त्याच्या कमरेभोवती पोरगीने मोठ्या आणि लहान एकत्र बांधल्या, त्याच्या ढुंगणाला गुडघा लावून, दात खाऊन.

मी मागोमाग गेले. गल्लीच्या वळणावर तो आवाज उठला तेव्हा बायका खिडक्यांत आल्या. अमेर्सुदाने दार उघडं ठेवलं होतं. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग भिंतीचा आधार घेत उंबऱ्यात आली.

“तुझा बाप उजव्या पायावर जोर द्यायचा,” ती फ्रांगुलिसला म्हणाली. “तू डाव्यावर देतोस. पुन्हा नाच.”

तो पुन्हा नाचला. पोरगी लंगडत भोवती फिरली.

“आणि हिला कुणी पत्करणार नाही,” म्हातारी म्हणाली आणि तिने मावरिकोसचा हात धरून ठेवला.

नंतर दोघांनी तोंडं उघडी केली. मावरिकोसला गाठी सुटेनात.

“आवळल्यास फार,” फ्रांगुलिस म्हणाला.

“बाबांनीच शिकवलंय, दादा.”

शपथ तिथे संपली. घंटा आता आईच्या घरी, एकाच खुंटीवर आहेत. तिला आता ऐकू येत नाही. भाऊ रोज बोलतात, बहुतेक त्या बांधावरूनच, आणि इतक्या मोठ्याने की मला खिडकी लावून घ्यावी लागते.